पाच स्पीकर, एक वूफर आणि मधूनमधून शांतता

चित्रपटगृहात आवाज गेला तर प्रेक्षक शिट्ट्या मारतात आणि यंत्रावर बसलेला माणूस खडबडून जागा होतो. घरात आवाज गेला की सगळे कुटुंब माझ्याकडे पाहते. चित्र व्यवस्थित चालू असते, पात्रांचे ओठ हलत असतात, आणि आवाज मात्र सेकंद-दोन सेकंद पार नाहीसा होऊन, काही घडलेच नाही अशा थाटात परत येतो. तेवढ्यात नेमके ते वाक्य निघून जाते, ज्यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून असते. मागे नेऊन पाहावे तर त्याच जागी आवाज स्वच्छ ऐकू येतो, म्हणजे चित्रपटाच्या मूळ ध्वनीत दोष नाही एवढे कळते. परंतु ज्या दोषाचा पुरावा मागे नेताच पुसला जातो, तो दोष दाखवायचा कोणाला आणि कसा, या प्रश्नाने मी आता पुरता वैतागलो आहे.

आमच्या लातूर भागात पूर्वी संध्याकाळी आकाशवाणीचे परभणी केंद्र लावले की खरखर यायची, शिट्टी यायची, कधी आवाज बारीक व्हायचा, परंतु त्या खरखरीतून वाक्य कळायचे आणि पकड सुटत चालली आहे हेही कळायचे. डिजिटल ध्वनीला ही मधली अवस्थाच नाही. डॉल्बी डिजिटलचा, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी दाबून भरलेल्या ध्वनीचा, प्रवाह तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्यात ध्वनीचे १५३६ नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, असतात, आणि सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने असा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा होतो. एखादा तुकडा बिघडून आला तर रिसीव्हर, म्हणजे तो प्रवाह उलगडून स्पीकरांना आवाज पुरवणारे यंत्र, तो वाजवण्याऐवजी आवाज बंद करतो, कारण तो कचरा तसाच पूर्ण आवाजात स्पीकरमध्ये सोडला तर स्पीकरला इजा होईल आणि ऐकणाऱ्याच्या कानालाही. इथवर मला मान्य आहे. त्यानंतर तो प्रवाह पुन्हा ओळखण्यात, त्याच्याशी जुळवून घेण्यात आणि आवाज परत सोडण्यात त्याचा जो वेळ जातो, तोही मी समजून घेतो. संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. आवाज आपण का बंद केला हे त्या यंत्राला ठाऊक असते; प्रवाह तुटला, प्रकार बदलला की समोरच्या उपकरणाने उत्तर दिले नाही, यांतले नेमके काय झाले याची त्याला खबर असल्याशिवाय त्याने आवाज बंद केलाच नसता. तरीही त्याच्या तोंडून अवाक्षर निघत नाही. ज्या टीव्हीच्या पहिल्याच पानावर मला न विचारता जाहिराती झळकतात, त्या टीव्हीला ‘आताच ध्वनीचा संपर्क तुटला होता’ अशी एक ओळ कोपऱ्यात दाखवता येत नाही, हे मी तांत्रिक अडचण म्हणून स्वीकारायला तयार नाही.

विकताना सांगितले जाते की एकच तार जोडा, सगळे आपोआप होईल. ही एका तारेची सोय, म्हणजे एआरसी, २००९ मध्ये एचडीएमआयच्या, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेण्याच्या पद्धतीच्या, १.४ या आवृत्तीबरोबर आली. टीव्हीकडे चित्र नेणारी तारच टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे आणते, ही कल्पना चांगली आहे. परंतु हा आवाज ज्या दोन पिनांवरून येतो, त्यांतली १९ क्रमांकाची पीन मुळात ‘तार जोडली गेली आहे’ हे कळवण्यासाठी ठेवलेली होती, आणि आवाज सुरू करायचा की नाही याची बोलणी १३ क्रमांकाच्या पिनेवरून, सीईसी नावाच्या तिसऱ्याच व्यवस्थेतून चालतात. सीईसीचा मूळ उद्देश एका रिमोटने दोन उपकरणे चालवणे एवढाच होता. ती व्यवस्था बंद केली तर बहुतेक संचांत एआरसीही बंद पडतो, आणि चालू ठेवली तर डिश चालू करताच साउंडबार आपला मार्ग बदलतो, टीव्ही स्वतःचे स्पीकर मध्येच जागे करतो आणि या ओढाताणीत आवाज जातो. त्यातही प्रत्येक कंपनीने या एकाच व्यवस्थेला आपापले बारशाचे नाव ठेवले आहे: कोणाची अॅनीनेट प्लस, कोणाची सिम्पलिंक, कोणाची ब्राव्हिया सिंक. सेटिंगच्या पानांत सीईसी हा शब्द शोधणाऱ्या गिऱ्हाइकाने तो या नावांमागून ओळखावा, अशी अपेक्षा आहे. २०१७ मध्ये २.१ या आवृत्तीबरोबर ईएआरसी आला. त्यात ही बोलणी सीईसीवर सोडलेली नाहीत आणि ध्वनीसाठीची वाटही जुन्या सुमारे १ मेगाबिटवरून थेट ३७ मेगाबिटपर्यंत रुंदावली; परंतु टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही ईएआरसीचे असतील तरच त्याचा उपयोग होतो, आणि दुकानातल्या पाटीवर मात्र दोन्हींना सरसकट ‘एआरसी सपोर्ट’ एवढेच लिहिलेले असते.

माझ्या घरातला सर्वांत छळणारा दोष मात्र जाहिरातींच्या वेळचा आहे, आणि तो मी वही घेऊन बसल्यावर सापडला. काही एचडी वाहिन्यांवर चित्रपट पाच स्पीकरांच्या डॉल्बी ध्वनीत येतो आणि जाहिरात साध्या दोन स्पीकरांच्या ध्वनीत. सेट टॉप बॉक्स ‘ऑटो’वर असेल तर तो जसा येईल तसा प्रवाह पुढे ढकलतो, आणि चित्रपटावरून जाहिरातीवर व जाहिरातीवरून पुन्हा चित्रपटावर येताना दर वेळी रिसीव्हरला नव्या प्रकाराशी ओळख करून घ्यावी लागते. जाहिरातीचा पहिला शब्द गेला तर मी त्याचे आभारच मानीन, परंतु परत येताना चित्रपटाचे पहिले वाक्य जाते. यावर उपाय म्हणून सांगतात की बॉक्सचा ध्वनी पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल ध्वनीवर, ठेवा. ठेवला, आवाज जायचा थांबला. त्याबरोबर मधला आणि मागचे दोन स्पीकरही थांबले, कारण या बॉक्सचा पीसीएम म्हणजे दोनच स्पीकरांचा ध्वनी. म्हणजे ज्या पाच स्पीकरांसाठी पैसे मोजले, त्यांतले तीन शोभेला ठेवले की यंत्रणा निर्दोष चालते! सेवा केंद्रातल्या मुलीने मला हे इतक्या आनंदाने सांगितले की तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. ऑप्टिकलची तार लावून पाहा, असेही ती म्हणाली. त्या तारेने सीईसीची कटकट संपते हे खरे, परंतु ओटीटीवर सर्रास मिळणारा डॉल्बी डिजिटल प्लस त्या वाटेने जात नाही, टीव्हीला तो आधी साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये उतरवावा लागतो, आणि आमचा टीव्ही ते काम करताना आवाज ओठांच्या मागे ठेवतो. एक दोष काढायचा आणि दुसरा पदरात घ्यायचा, असा हा उपचार आहे.

आता लातूरच्या विजेकडे येतो, कारण एवढे सगळे समजून घेतल्यावरही एक प्रकारची गळती उरलीच होती. तिच्यात आवाजाबरोबर चित्रही क्षणभर काळे होत असे. केवळ आवाज जात असेल तर दोष ध्वनीच्या वाटेत शोधावा, आणि चित्रही जात असेल तर संपूर्ण एचडीएमआयचा दुवा तुटतो आहे असे समजावे, हा भेद मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळाला नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बोअरची पातळी खोल जाते आणि संध्याकाळी लाईट टिकली की प्रत्येक घराची मोटार सुरू होते. पाण्यात सोडलेली मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीजप्रवाह ओढते, २३० व्होल्ट असायला हवा तो दाब तेवढ्यापुरता झुकतो, आणि स्टार्टरमधल्या ठिणगीचा झटका तारांतून व हवेतून शेजारच्या उपकरणांपर्यंत पोहोचतो. त्या झटक्याने दोन उपकरणांतली ओळख मोडली की ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मी मोटारीचे बटण दाबायला मुलाला उभे केले आणि मी टीव्हीसमोर बसलो. बटण दाबले की पडदा काळा, हे चुलत्यांच्या साक्षीने सिद्ध केले. तंत्रज्ञाने त्यावर स्टॅबिलायझर सुचवला. रिलेवर चालणारा स्वस्त स्टॅबिलायझर दाब सांभाळण्यासाठी टकटक करत टप्पे बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला तोच एक नवा खंड पाडतो, हे त्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही विकायचे होते.

मग तो अर्थिंगवर आला. त्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली मुरूम आणि खडक लागतो, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरते उरते, आणि मग डिशच्या केबलच्या व एचडीएमआयच्या वेष्टनातून नको तो गोंगाट एका उपकरणातून दुसऱ्यात फिरू लागतो. उपाय म्हणून त्या खड्ड्यात नियमित पाणी ओतावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या माणसाला हा माणूस सिनेमाच्या आवाजासाठी जमिनीत बादल्या रिकाम्या करायला सांगत होता.

याहून मोठा राग आहे तो भिंतीतल्या तारेचा. घर बांधताना वायरमनने एचडीएमआयची तार विजेच्या तारांच्याच नळीतून ओढली. ध्वनी-चित्राच्या तारा आणि विजेच्या तारा वेगळ्या नळ्यांतून न्याव्यात, हा साधा नियम त्याला सांगितला असताना, ‘काही फरक पडत नाही, मालक’, असे म्हणून त्याने गिलावा मारून टाकला. त्यातून तार लांब, कोपऱ्यावर काटकोनात दुमडलेली. साध्या तांब्याच्या एचडीएमआय तारेवरून १८ गिगाबिटचा फोर-के प्रवाह काही मीटरच भरवशाने जातो. त्यापुढे तार जितकी लांब तितका दुवा नाजूक. दुकानदार मात्र लांबीबद्दल किंवा प्रमाणपत्राबद्दल बोलत नाही, तो सोन्याचा मुलामा दाखवतो. सोन्याने गंज टळतो, तुटणारा दुवा जुळत नाही. खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ची तपासता येणारी चिठ्ठी आहे का, असे विचारले तर तो ‘ही ओरिजिनल आहे, काका’, असे उत्तर देतो. उघडी, छोटी तार जमिनीवरून टाकून पाहिली तेव्हा मोटार सुरू होतानाचे काळे पडणे जवळजवळ थांबले. आता ती तार दिवाणखान्यातून आडवी गेली आहे आणि येणारा-जाणारा तिला अडखळतो.

वूफरची कथा थोडक्यात सांगतो. तो बिनतारी आहे आणि २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी यांच्याच गर्दीत. लातूर पॅटर्नच्या कृपेने आमच्या दोन्ही बाजूंना वसतिगृहे आहेत आणि त्यांच्या प्रत्येक मजल्यावर राउटर आहे. या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाय-फायच्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. त्या तिन्हींवर नीटची तयारी करणाऱ्या मुलांची रात्र-रात्र जागरणे चालू असतात. त्या मुलांवर माझा राग नाही. वूफरच्या मागे तारेसाठी एक साधे भोक ठेवायला ज्याला जड गेले, त्याच्यावर आहे.

आणि या सगळ्यांची जबाबदारी घेणारा कोणीही नाही. टीव्हीवाले म्हणतात साउंडबार तपासा, साउंडबारवाले म्हणतात सेट टॉप बॉक्स तपासा, बॉक्सवाले म्हणतात टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा, आणि तिघेही एकमताने वीज मंडळाकडे बोट दाखवतात. तहसील कचेरीत फेरफाराचा अर्ज ज्या रीतीने या टेबलावरून त्या टेबलावर सरकत राहतो, त्याच रीतीने माझी तक्रार सरकते आहे. दर फोनला नवा तक्रार क्रमांक, आणि दर वेळी पहिला सल्ला एकच: फॅक्टरी रीसेट करा. रीसेट केल्यावर वाय-फायचे पासवर्ड, स्पीकरांची अंतरे, प्रत्येक स्पीकरची पातळी, सगळे पुन्हा भरायचे, आणि ते भरून होईपर्यंत फोनवरची व्यक्ती ‘समस्या सुटली’ अशी नोंद करून मोकळी झालेली असते. घरी येणारा तंत्रज्ञ दहा मिनिटे बसतो, त्या दहा मिनिटांत आवाज जात नाही, आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहितो. मोबाईलवर टिपलेले चित्रीकरण दाखवले तर मोबाईलचाच आवाज गेला असेल, असे म्हणण्याची त्याची तयारी असते. संच उचलून छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या केंद्रात आणा म्हणतात; अंबाजोगाई आणि बीड मागे टाकत तो तिथे न्यावा, तर तिथे माझा बॉक्स नसणार, माझी भिंत नसणार आणि गल्लीतल्या मोटारीही नसणार, मग तिथे आवाज जाणार कशाला?

दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सगळे तसेच ठेवावे, काय झाले ते लिहून ठेवावे, आणि पूर्ण संध्याकाळ पाहावे, एवढे साधे हे काम आहे. ज्यांना याचा पगार मिळतो, त्यांच्यापैकी एकानेही ते केलेले नाही. माझ्याकडे आता वही आहे, तिच्यात चार वेगवेगळे दोष वेगवेगळे करून मांडलेले आहेत: प्रकार बदलताना जाणारा आवाज, सीईसीच्या ओढाताणीत जाणारा आवाज, मोटारीबरोबर जाणारे चित्र आणि राउटरांच्या गर्दीत जाणारा वूफर. परवा ही वही घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने ती न उघडता, ईएआरसीचा नवा रिसीव्हर घ्या म्हणजे प्रश्नच मिटेल, असे सांगितले. टीव्ही जुना असल्याने तोही बदलावा लागेल, हे मी विचारल्यावर सांगितले. त्यानंतर आवाज जाणार नाही असे बिलावर लिहून द्या, अशी मागणी मी केली. त्याने बिलाचे पुस्तक ड्रॉवरमध्ये सरकवले आणि मला सेवा केंद्राचा तोच जुना टोल-फ्री क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला.