गाजराचा फॉरवर्ड खोटाय बे
आपल्या सोलापूरच्या शाळेच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरायलाय, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायलट म्हणे गाजर खाऊन अंधारात जर्मन विमानं पाडायचे. तसं नाहीये. विमानातच रडार बसवलेलं, रेडिओ लहरी सोडायच्या, समोरच्या विमानावर आपटून परत आल्या की अंतर कळायचं आणि मागं बसलेला ऑपरेटर पायलटला दिशा सांगायचा. नोव्हेंबर १९४० मध्ये जॉन कनिंगहॅम ह्या ब्रिटिश पायलटनं असंच रात्री विमान पाडलं, मग रडारचं गुपित झाकायला ब्रिटिशांनी पेपरात गाजराची गोष्ट सोडली. जर्मन त्यानं फसले म्हणावं तर त्यांच्याकडं स्वतःचं फ्रेया रडार होतंच की! अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणात गाजराचा फायदा होतो, तेवढंच. मार्केट यार्डातनं पोतंभर आणून काय उपयोग नाही.