हंबनटोटा ‘जप्त’ झालंच नव्हतं, आणि जपाननेही कर्ज काढलं होतं

‘परदेशी कर्ज म्हणजे गुलामगिरी’ हा लांबलचक मेसेज अखेर आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. टाकला मामांनी, वर ‘अभ्यासपूर्ण, जरूर वाचा’ ही शिफारस. मामांची उभी हयात बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून जास्तच चिडचिड झाली. मेसेजमधले दावे चार. जपानसारखे देश बाहेरचा पैसा न घेता मोठे झाले. हप्ते थकले म्हणून चीनने श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर जप्त केलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था (IMF), हा देशच गिळणारा सावकार आहे. आणि उपाय म्हणजे नोटा छापून रस्ते-धरणं बांधा.

जपानचं आधी उरकते. १९५३ ते १९६६ या काळात जपानने जागतिक बँकेकडून ३१ कर्जं घेतली, मिळून सुमारे ८६ कोटी डॉलर. ज्या बुलेट ट्रेनचा फोटो मेसेजला लावलाय, तिच्या पहिल्या मार्गासाठी १९६१ साली ८ कोटी डॉलर याच बँकेने दिले. शेवटचा हप्ता फिटला १९९० मध्ये. पुढे.

आता हंबनटोटा. ही थाप इतकी मुरलीय की शिकलेली माणसंही ती बिनदिक्कत सांगतात. बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी २००७ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने (तिथली सरकारी आयात-निर्यात बँक) ३०.७ कोटी डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. स्वस्त अजिबात नव्हतं. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर एका चिनी सरकारी कंपनीकडे गेलं, १.१२ अब्ज डॉलरला. पण त्या बदल्यात कर्ज माफ झालं नाही. ते श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. जप्तीत कधी कर्जदाराला रोख रक्कम मिळते का?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासाठी उमेश मोरामुदली आणि थिलिना पांडुवावला या श्रीलंकेच्याच अभ्यासकांनी २०२२ मध्ये सगळा हिशेब मांडलाय. भाडेपट्ट्याचे डॉलर गंगाजळीत गेले आणि इतर देणी भागवायला कामी आले, असं ते सांगतात. २०२१ अखेर सरकारी परदेशी कर्जात चीनचा वाटा होता साधारण २० टक्के. त्याहून मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा (बाँड), म्हणजे गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जाचा. रोख्याची मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत नाही, मुदत संपली की एकरकमी द्यावी लागते. १८ जानेवारी २०२२ ला श्रीलंकेने असे ५० कोटी डॉलर एका दिवसात चुकते केले. तेव्हा देशात स्वयंपाकाच्या गॅसची आणि दूध पावडरीची टंचाई होती. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१९ अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरी स्वतःच्या हाताने रिकामी केलेली, मग कोविडने पर्यटन बुडवलं. यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही, कारण मग खलनायक एकच उरत नाही.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते की बंदराचा निर्णय चुकीचा होता. बहुतेक जहाजं कोलंबोलाच जात होती, आणि हंबनटोटा हा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा जिल्हा. चिनी करारांच्या अटी बऱ्याचदा गुलदस्त्यात राहतात, ही तक्रारही खरी. पण तो दोष प्रकल्प निवडणाऱ्याचा आणि करार लपवणाऱ्याचा.

नाणेनिधीच्या अटी जाचक असतात, कबूल. पण त्याच्या दारात देश जातात ते खिसा रिकामा झाल्यावर, आधी नाही.

राहिल्या नोटा. श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने तेही करून पाहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या आसपास पोचली. आणि छापलेल्या रुपयात बाहेरचा कोण डिझेल देणार?

मामा, तुमच्या टेबलावर कर्जाची फाइल आली की तुम्ही व्याज, मुदत, कशासाठी हवंय आणि परतफेड कुठल्या उत्पन्नातून, हे विचारल्याशिवाय सही करत नव्हतात. मेसेज पुढे ढकलताना यातलं एक तरी विचारायचंत.