बाराच्या बातम्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आप्पांच्या शिलाई दुकानावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चार दिवस मनातून जात नाही. तुमचे आक्षेप दोन. पहिला असा की, ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या निधनाची बातमी आकाशवाणीनं संध्याकाळी दिली, मग मी ती बेळगावच्या शहापुरातल्या दुकानात दुपारी बाराच्या बातम्यांत ऐकली कशी? दुसरा याहून जड आहे. असल्या चुकीच्या आठवणी लिहिल्या तर उद्या १९५६ च्या बेळगावातल्या गोळीबाराबद्दल बोलणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही लोक खोटं पाडतील, तेव्हा कागद असेल तेवढंच लिहा, असं तुमचं म्हणणं.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी नवाच्या पुढं. बीबीसीनं आधी सांगितलं. खुद्द राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते, त्यांनीही ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावली होती. आकाशवाणीनं निधन जाहीर केलं ते संध्याकाळी. लेखातलं वाक्य मी तसंच ठेवून त्याखाली दुरुस्ती टाकली आहे.

पण सर, मी ते रचलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर मी बसलेय, वर फळीवर रेडिओ, आप्पांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबलेला, निवेदिकेचा आवाज कापरा झालेला, हे मला आजही समोर दिसतं. म्हणून तुमची प्रतिक्रिया वाचून झाल्यावर त्याच रात्री दादाला फोन लावला. काही न सांगता एवढंच विचारलं, त्या दिवशी काय काय झालं सांग.

दादा म्हणाला, "तू कुठं होतीस गं दुकानात? तू घरात ताप येऊन पडलेलीस. शेजारच्या घड्याळवाल्याकडं बीबीसी लागलेली, मी तिथं ऐकलो आणि पळत येऊन तुला सांगितलो."

मी गप्पच झाले. पायरीवर बसलेला दादा होता. तो तेव्हा सोळा वर्षांचा, मी अकरा. त्यानं ती हकीकत नंतर घरात, लग्नाकार्यात, किती वेळा सांगितली असेल! ऐकता ऐकता मी त्याच्या जागी जाऊन बसले. आणि तो आवाज मी संध्याकाळी घरच्या रेडिओवर ऐकलेला असणार, तो दुपारी नेऊन ठेवला.

हे माझ्या एकटीचं झालेलं नाही. अल्रिक नायसर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला ७ डिसेंबर १९४१ ची, पर्ल हार्बरवर जपाननं हल्ला केल्याची बातमी पक्की आठवत होती: रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू असताना मध्येच ती सांगितली गेली. पुढं कित्येक वर्षांनी त्याच्या ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान फुटलं, तेव्हा त्यानं दुसऱ्याच दिवशी शंभरावर विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठं, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं मुख्य असं काहीच जुळेना, आणि खात्री मात्र पुरेपूर. स्वतःच्या अक्षरातला कागद पुढं ठेवला तरी नवी आठवण सुटेना.

आता तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडं येते. तिथं मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही.

दादाशी बोलल्यावर मी आप्पांची मापांची वही काढली. पानाच्या कोपऱ्याला मशीनच्या तेलाचा डाग आहे. ३० ऑक्टोबरच्या खाली आप्पांच्या बारीक अक्षरात 'काळे अस्तर ३ मीटर' लिहिलंय, पुढं गिऱ्हाइकाचं नाव नाही, पैसेही नाहीत. १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्याच्या निषेधाला पाळतात त्या काळ्या दिनाच्या फिती आप्पा दर वर्षी फुकट कापून द्यायचे, टाचण्या खोचायचं काम माझ्याकडं. त्या साली मी अंथरुणात बसून खोचल्या, आणि संध्याकाळी गल्लीतली माणसं त्याच फिती इंदिराबाईंच्या दुखवट्याला म्हणून एक दिवस आधी घेऊन गेली. हे मला आठवतं, दादानं ते न विचारता सांगितलं, आणि अस्तराची नोंद वहीत आहे. लेखात मात्र मी फितींबद्दल एक ओळही लिहिली नव्हती! जे खरोखर माझ्या हातातून गेलं ते सोडलं आणि दादाची पायरी लिहून बसले.

वही नसती तर आठवण लटकी राहिली असती हे कबूल. पण आठवण नसती तर 'काळे अस्तर ३ मीटर' याचा अर्थ वही उघडणाऱ्या कुणाला लागला असता?

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवर मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय सांगितला, दुसऱ्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. बेळगावच्या हुतात्मा चौकात दर १७ जानेवारीला आपण जमतो. ते भाषण कुणाच्या ओट्यावर ऐकलं, बातमी गल्लीत कुणी आणली, दारं कुणी लावून घेतली, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना गप्प बसवलं तर त्यांच्या बाजूनं उरेल काय? त्यांचं नीट लिहून घेऊ या. एकेकट्याला विचारून, दुसऱ्याचं कानावर पडायच्या आत, वर आजची तारीख घालून, आणि 'हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?' हा प्रश्न दर वाक्याला विचारून. न जुळणारं असेल तेही तसंच ठेवायचं.

तुम्ही लिहिलंय, तेव्हा तुम्ही खानापुरात तिसरीत होता. तर पहिलं पान तुमचं असू दे, अशी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी वही घेऊन येते. तोपर्यंत त्या दिवसाबद्दल घरात कुणाशी बोलू नका, आणि कात्रणं काढून ठेवली असतील तर ती मी आल्यावरच उघडा.