पाण्याच्या तापमानाचा दुसरा सेन्सर का लावला: ग्राहकाच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. ‘वायरला एक जोड मारून भागलं असतं, उगाच दुसरा सेन्सर गळ्यात मारला, लेथचे पैसे वेगळे लावले, वर मीटर आणि लॅपटॉपचे आकडेही जुळत नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय. हेच काम करून घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीचा ईसीएम, म्हणजे गाडीचा मूळ कॉम्प्युटर, तसाच ठेवायचा, मीटर, एसी, फॅन त्याच्याकडे, आणि पेट्रोल-इग्निशन नव्या कॉम्प्युटरकडे, ही तुमची मागणी होती. मागणी रास्तच. पण पाण्याच्या तापमानाचा सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाही, तो नुसता रेझिस्टन्स. 20 अंशांना साधारण 2,500 ओहम, 80 ला जेमतेम 320. ईसीएम आपल्या आतल्या रेझिस्टरमधून त्याला 5 व्होल्ट देतो आणि वायरवर किती उरले त्यावरून तापमान ठरवतो: जास्त उरले तर गार, कमी उरले तर गरम. नव्या कॉम्प्युटरच्या आतही तसाच रेझिस्टर आहे. दोघांना एकाच वायरवर आणलं की करंट दोन्हीकडून येतो, व्होल्टेज चढतं आणि दोघांनाही इंजिन आहे त्यापेक्षा गार वाटतं.

किती गार? दोन्ही रेझिस्टर सारखे असले तर खरे 80 अंश 58 च्या आसपास दिसतात, खरे 100 दिसतात 76. हे तुम्हाला तोंडी सांगितलं नव्हतं, गरम इंजिनावर वायर टेकवून स्कॅनरवर दाखवलं होतं. आकडा पडला तेव्हा तुम्हीच ‘अरेच्चा’ म्हणालात. अशी गाडी घेऊन चोर्ला घाट चढा: पाणी उकळायला आलं तरी ईसीएम फॅन लावणार नाही, आणि नवा कॉम्प्युटर गार इंजिन समजून जादा पेट्रोल ओतत राहणार.

काही कॉम्प्युटरमध्ये आतला रेझिस्टर बंद करता येतो. मग एकच सेन्सर चालतो, फक्त किती व्होल्टला किती अंश हे टेबल नव्याने भरावं लागतं. तुम्ही आणलेल्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. थ्रॉटलचा सेन्सर मात्र स्वतःच व्होल्टेज देतो, म्हणून तिथे आम्ही जोडच मारला आणि नव्या सेन्सरचा खर्च लावला नाही. बिल फुगवायचं असतं तर तिथेही फुगवलं असतं की.

लेथचं म्हणाल तर सेन्सर हीटरच्या होजमध्ये बसवलाय, त्यासाठी 12 मिमी आट्यांचा पितळी अडॅप्टर इथे बेळगावच्या उद्यमबागेतच करून घेतला. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये तयार अडॅप्टर स्वस्तात बसला असता, पण थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, उघडेपर्यंत तिथे गरम पाणी पोचतच नाही. सकाळी चालू केल्यावर इंजिन तापलं तरी कॉम्प्युटरला कळलं नसतं.

आता आकड्यांचं. एक सेन्सर हेडमध्ये, दुसरा होजमध्ये. चालत्या गाडीत दोन-तीन अंशांचा फरक राहणारच. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करा आणि स्कॅनर व लॅपटॉप दोन्हींवर पाण्याचं तापमान बघा. तेव्हाही चार-पाच अंशांचा फरक दिसला तर गाडी घेऊन या, सेन्सर आणि अर्थिंग दोन्ही तपासून देऊ, पैसे घेणार नाही. जोड मारून द्या म्हणाल तर मात्र नाही, ते काम आमच्याकडे होणार नाही.