पुढचं कडवं

यंदाच्या महाराष्ट्र दिनाला आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळात एकाने ‘माझी मैना गावावर राहिली’ म्हटलं. आवाज मोकळा होता, ढोलकी नेमकी पडत होती. मैनेच्या रूपाचं वर्णन झालं, जिवाची काहिली झाली, टाळ्या पडल्या आणि गाणं संपलं. माझ्या शेजारी आप्पा बसले होते. टाळी वाजवायला उचललेले त्यांचे हात तसेच राहिले. ‘‘अगं, पुढचं?’’ ते म्हणाले.

पुढचं म्हणजे ज्यासाठी अण्णा भाऊ साठ्यांनी ती छक्कड लिहिली ते. गाणं मैनेला गावी सोडून मुंबईत येतं, बेकारांच्या गर्दीत शिरतं आणि शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावाचं नाव घेतं. गिरणी कामगाराची बायकोपासूनची ताटातूट आणि मराठी मुलखाची ताटातूट तिथे एक होते. माझे आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या खांद्यावर बसून आप्पांनी ते गाणं नरे पार्कात ऐकलंय, अख्खं. त्यांच्या लेखी सभागृहात त्या दिवशी गाणं झालंच नव्हतं, नुसती सुरुवात झाली होती.

मला ते इतकं लागलं, कारण त्याच आठवड्यात मी वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाचं ‘बाउंड फॉर ग्लोरी’ वाचत होते. हे त्याचं १९४३ सालचं आत्मचरित्र. पोर्टलंडच्या पॉवेल्स या पुस्तकांच्या दुकानात जुन्या पुस्तकांत मिळालं, कुणीतरी पेन्सिलने खुणा केलेलं. सुरुवातच मालगाडीच्या बंद डब्यात होते. काळे, गोरे, म्हातारे, पोरसवदा, सगळे बेकार, एकमेकांच्या अंगावर डोकी टेकून पडलेले आणि डबाभर धूळ. मग तो मागे जातो, ओक्लाहोमातल्या ओकीमा गावात. तिथे तेल लागतं, गाव फुगतं, फुटतं. आग या घराची पाठ सोडत नाही, बहीण भाजून जाते. आई हळूहळू स्वतःची राहत नाही. तिला हंटिंग्टनचा, मेंदू पोखरणारा आजार होता, आणि पुढे तोच वुडीलाही घेऊन गेला. आईची ती पानं मी एका बैठकीत वाचू शकले नाही. तारीखवार हकिगत हवी असेल तर हे पुस्तक कामाचं नाही. तो रंगवून सांगतो, ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र मळतो. पण टेक्सासमध्ये एप्रिल १९३५ मध्ये दिवसाढवळ्या काळोख करणारं जे धुळीचं वादळ त्याने पाहिलं, ती धूळ वाचताना घशात जाते.

माझी मुलगी तिसरीत असताना शाळेच्या कार्यक्रमात ‘धिस लँड इज युअर लँड’ म्हणाली होती. इथल्या बहुतेक मुलांना ते पाठ असतं. हा देश तुझा, हा देश माझा, डोंगर, वाळवंट, सोनेरी शेतं. मलाही ते देशाचं गोड गुणगानच वाटलं होतं. वुडीने ते फेब्रुवारी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात लिहिलं, ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे देशभक्तीचं गाणं रेडिओवर ऐकून ऐकून कंटाळल्यावर. मूळ गाण्यात आणखी दोन कडवी आहेत. एकात वाट अडवणारी ‘खासगी मालमत्ता’ ही पाटी येते, आणि त्याला दिसतं की पाटीच्या मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्यात मदत कचेरीबाहेर भुकेल्या माणसांची रांग उभी आहे आणि तो विचारतो, हा देश खरंच आपला का? शाळेच्या पुस्तकांत ही दोन्ही नाहीत. जानेवारी २००९ मध्ये, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर एकोणनव्वद वर्षांच्या पीट सीगर या लोकगायकाने ती कडवी मुद्दाम म्हटली. ओळ आधी सांगायची, मग लोकांकडून गाऊन घ्यायची, असं करत.

घरच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक भांडण पेटतं. कुणीतरी जुनं लोकगीत नव्या ठेक्यावर आणतं, एक बाजू म्हणते वाट लावली, दुसरी म्हणते निदान पोरं ऐकतात तरी. माझा आतेभाऊ पहिल्या बाजूचा. त्याचं मन मला कळतं, पण हे भांडण चुकीच्या जागी चाललंय असं आता मला ठाम वाटतं. चाल बदलल्याने लोकगीत मरत नाही. ‘धिस लँड’ची चाल वुडीने कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाच्या एका भजनावरून घेतली. आपल्याकडे शाहिरांनी लावणीच्या, भजनाच्या चाली उचलल्या, भीमगीतं सिनेमाच्या चालींवर गायली गेली आणि वस्त्यावस्त्यांत पोचली. गाणं मरतं ते त्याचं कडवं गाळल्यावर. आणि गाळलं जातं ते नेमकं भाकरीचं, रांगेचं, हक्काचं कडवं. मैनेचं रूप कुणी गाळत नाही.

दुसरी गळती नावाची. कार्टर फॅमिलीचे ए. पी. कार्टर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर गाणी गोळा करत फिरायचे. सोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. रेकॉर्डवर आणि हक्काच्या कागदावर मात्र नाव कार्टरांचं. इथे आपल्याकडचं एक काम मला फार मोठं वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांत गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव नोंदवलं. आतेभावाला मी तेच म्हटलं, ठेका कुठलाही लाव, त्या बाईचं नाव राहू दे.

‘‘परदेशात बसून बोलणं सोपं आहे,’’ तो म्हणाला. त्याचं खरं आहे. इथे माझं काही पणाला लागत नाही. पण मी राहते तिथेही एक गाणं आहे आणि त्याने मला अडचणीत टाकलंय.

१९४१ मध्ये बॉनव्हिल वीज खात्याने वुडीला महिनाभरासाठी ठेवलं. कोलंबिया नदीवरच्या धरणांची महती गायची होती. त्याने महिन्यात सव्वीस गाणी लिहिली. ‘रोल ऑन, कोलंबिया’ हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं. चाल ‘गुडनाइट, आयरीन’ची, जी लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स बापलेकांनी १९३३ मध्ये लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात लेडबेली या काळ्या कैदी गायकाकडून ऐकली होती. या गाण्यात मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढाईचं एक कडवं आहे, त्यांना फासावर चढवल्याची फुशारकी मिरवणारं. आता ते सहसा गात नाहीत. माझ्या लेकीने ते गावं असं मलाही वाटत नाही. मग कडवं गाळू नये हा माझा आग्रह गेला कुठे? विचार करून मी इथवर आले आहे: ते गाऊ नये, पण छापलेल्या पानावरून पुसूही नये. भुकेल्या माणसाचं कडवं आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्यावर उठलेलं कडवं, यांना एकच कात्री लावता येत नाही.

आप्पांना घेऊन आम्ही नदीकाठाने वर सिलाइलोला गेलो. यकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स ही माणसं हजारो वर्षं जिथे धबधब्यावर फळ्या बांधून सामन मासा धरायची ती जागा. १९५७ मध्ये द डॅल्सच्या धरणाने काही तासांत तो धबधबा पोटात घेतला. आता तिथे पाणी सपाट असतं. आप्पा कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. ‘‘आवाज येत असेल ना पूर्वी?’’ एवढंच विचारलं. कोयनेच्या धरणात त्यांच्या मामाचं गाव गेलं.

त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले आणि आप्पा मैनेचं पुढचं सांगू लागले. मुंबईपर्यंत आलं, मग एका ओळीवर अडलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. इथे रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. लालबागच्या त्यांच्या जुन्या मित्राला फोन लावला. काकांनी काय, कशासाठी, काही विचारलं नाही. खोकून घसा साफ केला आणि स्पीकरवरून थेट गायलाच लागले. आप्पा टेबलावर बोटांनी ठेका धरून, मी भराभर लिहितेय, आणि मुलगी खोलीतून बाहेर येऊन दारात उभी.