सायक्लोप्रोपेनचे आकडे कुणी मनाने लिहिलेले नाहीत

भाची लातूरला नीटची तयारी करते. तिने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग हा भाग सोडून देऊ का?’ तोच मेसेज परभणीतल्या पालकांच्या ग्रुपांवरही फिरतोय. म्हणणं असं: कार्बनच्या दोन बंधांमधला कोन 109.5 अंशांचाच असतो, म्हणून तीन कार्बनची रिंग असूच शकत नाही. रेणू कुणी पाहिलेला नाही, म्हणून बंधांच्या लांब्या म्हणजे अंदाजपंचे. पुस्तकागणिक आकडे बदलतात, हाच त्याचा पुरावा. आणि परीक्षेत विचारलंच तर ‘ताण जास्त, म्हणून बंध लांब’ एवढं लिहून मोकळे व्हा.

पहिल्या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. तीन कार्बनची रिंग असलेला वायू म्हणजे सायक्लोप्रोपेन, तो 1881 मध्ये ऑगस्ट फ्रॉइंडने तयार केला. पुढे तो भूल द्यायला वापरला गेला आणि पेट घेतो म्हणून मागे पडला. आपल्याकडे कपाशीवर फवारतात त्या सायपरमेथ्रिनच्या रेणूत हीच रिंग आहे. अर्धापूरची केळी पिकताना ज्या पदार्थापासून इथिलीन तयार होतं, त्यातही आहे. 109.5 हा मिथेनचा कोन. तो प्रत्येक कार्बनवर लादायला कुणी सांगितलं?

‘पाहिलं नाही म्हणजे मोजलं नाही’ हे वाचून मात्र संताप आला. वायूच्या बारीक झोतावर वेगवान इलेक्ट्रॉन सोडतात. त्यांची तरंगलांबी बंधाच्या लांबीपेक्षा कितीतरी कमी असते. रेणूतल्या दोन अणूंवरून विखुरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि फिल्मवर फिकी-गडद कडी उमटतात. कड्यांची ठेवण अणूंमधल्या अंतरावर ठरते. रेणू कसेही वळलेले असोत, आतलं अंतर तेच राहतं, म्हणून ते हिशेबाने काढता येतं. बास्तियान्सन, फ्रिच आणि हेडबर्ग यांनी 1964 मध्ये याच पद्धतीने सायक्लोप्रोपेनचे आकडे दिले: कार्बन-कार्बन 1.510 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), चूक फार तर 0.002, कार्बन-हायड्रोजन 1.089, दोन हायड्रोजनमधला कोन सुमारे 115 अंश. मनाने लिहिणारा माणूस चूक किती असू शकते ते मोजून देत नाही.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. आकडे खरंच थोडे इकडेतिकडे होतात. अणू सतत थरथरत असतात. इलेक्ट्रॉनच्या पद्धतीत त्या थरथरीतलं सरासरी अंतर मिळतं, तर मायक्रोवेव्ह वर्णपटात रेणूच्या फिरण्यावरून अंतर काढतात. दोन्हींची सरासरी वेगळ्या तऱ्हेची, म्हणून फरक पडतो, तोही बहुधा दशांशानंतरच्या तिसऱ्या घरात. त्यावरून सगळंच खोटं ठरवणं हा अडाणीपणा आहे.

चौथा मुद्दा पोरांचे मार्क घालवणारा आहे. साध्या अल्केनमध्ये, म्हणजे फक्त एकेरी बंधांच्या कार्बन-साखळीत, कार्बन-कार्बन बंध 1.53-1.54 अँगस्ट्रॉम असतो. सायक्लोप्रोपेनमध्ये ताण भरपूर, एकूण सुमारे 115 किलोज्यूल प्रति मोल, तरीही बंध 1.51, म्हणजे आखूड! कारण 60 अंश हा तीन अणुकेंद्रं सरळ रेषांनी जोडल्यावरचा कोन आहे. इलेक्ट्रॉन त्या रेषेवर बसत नाहीत, ते त्रिकोणाच्या बाहेर फुगतात, धनुष्यासारखे, आणि मोजलेली लांबी ही मात्र दोन केंद्रांमधली सरळ दोरी असते. कूलसन आणि मॉफिट यांनी 1940 च्या दशकात हिशेब मांडला, तेव्हा एकाच कार्बनवरच्या दोन ऑर्बिटलांमधला (इलेक्ट्रॉन असण्याच्या जागांमधला) कोन 104 अंशांच्या आसपास आला. 1966 मध्ये हार्टमन आणि हर्शफेल्ड यांनी ट्रायसायनोसायक्लोप्रोपेन या त्याच रिंगच्या पदार्थाच्या स्फटिकावर क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढला. त्यात हा फुगवटा स्पष्ट दिसला.

सायक्लोब्युटेनमध्ये, म्हणजे चार कार्बनच्या रिंगमध्ये, बंध 1.55 म्हणजे खरोखर लांब आहे, आणि मेसेजवाल्याने बहुधा तिथूनच नियम उचलला. पण तिथे समोरासमोरचे कार्बन एकमेकांना ढकलतात, हे एक मोठं कारण. शिवाय ती रिंग सपाट नाही, दुमडलेली आहे, म्हणून आतला कोन 90 पेक्षा थोडा कमी भरतो.

भाचीला सायक्लोप्रोपीनचे, म्हणजे एक दुहेरी बंध असलेल्या तीन कार्बनच्या रिंगचे, आकडेही लिहून पाठवले आहेत: दुहेरी बंध 1.30, एकेरी दोन्ही 1.51, कोन एक 51 अंशांचा आणि दुहेरी बंधाच्या टोकांचे दोन साधारण 65 चे. तोच मेसेज तुमच्या घरातल्या मुलाकडे आला असेल, तर हे आकडे त्याच्या वहीत उतरवून द्या.