‘रंगाला रंग जोडा’ हा सल्ला पंखा जाळू शकतो

‘कॉम्प्युटरच्या पंख्याचा कनेक्टर बसत नसेल तर कापून टाका, रंगाला रंग जुळवून वायरी पिळा, वर टेप मारा. पंखे सगळे १२ व्होल्टचेच. चुकलं तर फार तर उलटा फिरेल.’ हा सल्ला सर्रास फिरतो आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

सगळ्यात घातक भाग रंगांचा. तीन पिनांच्या पंख्यात साधारणपणे काळी वायर ग्राउंड (करंट परत जाण्याची), लाल १२ व्होल्ट आणि पिवळी टॅकोची, म्हणजे मदरबोर्डला वेग कळवणारी. पॉवर सप्लायच्या मोलेक्समध्ये (चार पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये) मात्र पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंड. रंग जुळवले की पंख्याला मिळतात ५ व्होल्ट आणि टॅकोवर येतात थेट १२. टॅकोच्या मागे स्विचसारखं काम करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. बहुतेक पंख्यांत तो दर फेरीला दोनदा ती वायर ग्राउंडला टेकवतो. मदरबोर्डवर मध्ये करंट अडवणारा रेझिस्टर असल्यामुळे करंट नगण्य राहतो. मोलेक्समध्ये अडवायला काहीच नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टर जळू शकतो. पंखा मंद का होईना फिरताना दिसला, की जोडणाऱ्याला वाटतं जमलं!

चार पिनांच्या बऱ्याच पंख्यांत तर पिवळीच १२ व्होल्टची, हिरवी टॅकोची आणि निळी पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग नियंत्रित करणाऱ्या सिग्नलची असते. काही पंख्यांच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. म्हणून रंग नाही, पिनचा क्रमांक पाहायचा: १ ग्राउंड, २ बारा व्होल्ट, ३ टॅको, ४ पीडब्ल्यूएम. तयार ब्रँडेड मशीनमध्ये हा क्रमही बदललेला असू शकतो. तिथे मल्टीमीटरशिवाय हात घालू नये.

सगळे पंखे १२ व्होल्टचे? नाही. ५ आणि २४ व्होल्टचेही मिळतात. लेबल वाचा, आणि त्यावरचे अँपिअरही वाचा: मदरबोर्डचा हेडर, म्हणजे पंखा जोडायच्या पिना, बहुधा १ अँपिअरपर्यंतच देतो, सर्व्हरचे पंखे त्याहून बरेच जास्त मागू शकतात.

उलटा फिरेल हेही खोटं. ही मोटर ब्रशलेस असते, फिरण्याची दिशा आतलं सर्किट ठरवतं. उलट जोडणीत पंखा नुसता गप्प बसेल किंवा जळेल.

पिळून टेप मारण्याबद्दल: उष्णतेने टेपचा चिकटा सुटतो आणि उघडी तार केसच्या पत्र्याला लागते. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि सांधे एकासमोर एक येऊ देऊ नका.

मुळात कापायची गरज तरी आहे का? चार पिनांचा पंखा तीन पिनांच्या हेडरवर तसाच बसतो. पीडब्ल्यूएम मोकळी राहिली तर तो पूर्ण वेगाने फिरतो. व्होल्टेज कमी करून वेग उतरवता येतो. कनेक्टरच बदलायचा असेल तर बारीक सुईने टर्मिनलची जीभ दाबा, वायर मागे ओढा आणि नव्या कनेक्टरमध्ये योग्य जागी सरकवा. एकही वायर कापावी लागत नाही.